हॉलिडे मेंबरशिप घाईत विकायची वेळ आली तर

नोकरी गेली. किंवा मुलं परदेशात स्थायिक झाली, गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिला, घरातलं एक माणूस गेलं. कपाटातल्या जाड फाइलमध्ये मात्र अजून पंधरा वर्षांच्या सुट्ट्या शिल्लक आहेत आणि त्यांच्या वार्षिक फीचं बिल न चुकता येतं आहे. अशा वेळी पहिला विचार येतो तो ‘विकून टाकू’ हा. हॉलिडे मेंबरशिप विकता येते, पण फ्लॅट किंवा गाडी विकतो तशी नाही. आणि लवकर विकायची असेल तर जाहिरात हे सगळ्यात शेवटचं काम आहे.

आधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते पाहू. भारतात टाइमशेअर म्हणून जे विकलं जातं त्यात जागेची मालकी बहुतेक वेळा नसतेच. कुठल्याही इंडेक्स टूवर, म्हणजे मालमत्तेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, तुमचं नाव चढलेलं नसतं. तुमच्याकडे असतो तो ठरावीक वर्षं, ठरावीक सीझनमध्ये, ठरावीक आकाराच्या खोलीत, दरवर्षी साधारण सात रात्री राहण्याचा हक्क. स्टर्लिंगने १९८६ मध्ये आणि क्लब महिंद्राने १९९६ मध्ये हा धंदा इथे सुरू केला, तेव्हापासून ढाचा थोड्याफार फरकाने हाच आहे. सीझनना रंगांची नावं देण्याची पद्धत अनेकांच्या ओळखीची आहे: जांभळा म्हणजे ऐन गर्दीचा, मग लाल, पांढरा आणि शेवटी निळा. खोली स्टुडिओ, वन बेडरूम की टू बेडरूम हेही करारात लिहिलेलं असतं.

या हक्काला एक शेपूट आहे, ती म्हणजे वार्षिक फी. तुम्ही गेलात काय नि न गेलात काय, ती भरावीच लागते, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तुम्ही विकताय ती नुसती वस्तू नाही. तिच्यासोबत दरवर्षीचं देणंही समोरच्याच्या गळ्यात घालताय. घेणारा भावात घासाघीस करतो ती याच शेपटीमुळे.

किंमत कशी ठरते

विकणाऱ्याचा हिशोब सहसा असा असतो: दहा वर्षांपूर्वी ४ लाख भरले, २५ पैकी १५ वर्षं उरली, म्हणजे २ लाख ४० हजार तरी यायला हवेत. घेणारा या वाटेने जातच नाही. तो रात्रीचा भाव काढतो.

समजा तुमची वार्षिक फी १९,००० आहे. जीएसटी धरून २२,४२०. सात रात्रींनी भागलं तर एका रात्रीला सुमारे ३,२०० रुपये, आणि हे तुम्हाला एक पैसाही न देता. त्याच सीझनमध्ये महाबळेश्वरला तशीच खोली बाजारात ५,००० ला मिळत असेल तर घेणाऱ्याचा फायदा रात्रीमागे साधारण १,८०० रुपये. पंधरा वर्षांच्या १०५ रात्री, म्हणजे कागदावर १ लाख ८९ हजार. पण हा फायदा पंधरा वर्षांत थेंबाथेंबाने मिळणार आणि तुम्हाला पैसे आजच हवेत. शिवाय दरवर्षी वाढणारी फी आहे, ट्रान्सफर फी आहे, मे महिन्यात हवी ती तारीख न मिळण्याची धास्ती आहे. हे सगळं वजा करून तो निम्म्यावर किंवा त्याहीखाली येतो. त्याला लबाड म्हणण्यात अर्थ नाही, त्याचं गणित बरोबर आहे.

हीच मेंबरशिप पांढऱ्या सीझनची असेल आणि त्या दिवसांत खोली बाहेर ३,५०० ला मिळत असेल, तर फायदा रात्रीमागे जेमतेम ३०० रुपये उरतो. पंधरा वर्षांचे मिळून ३१ हजार. ट्रान्सफर फी २५ हजार निघाली की संपलंच. अशी मेंबरशिप फुकट दिली तरी घेणारा दोनदा विचार करतो. आणि सातपैकी चारच रात्री वापरल्या गेल्या तर प्रत्येक रात्र ५,६०५ ला पडते, हॉटेलपेक्षा महाग. जेवणखाण वेगळंच.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे घालून हा हिशोब कागदावर मांडा. त्यासाठी गेल्या तीन वर्षांची फीची बिलं काढा, कारण वाढीचा वेग त्यातूनच कळतो. उत्तर शून्याच्या आसपास आलं तर ‘किती मिळतील’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि ‘पुढची फी कशी थांबेल’ याच्या मागे लागावं. पंधरा वर्षांची २२,४२० प्रमाणे फी वाढ न धरताही ३ लाख ३६ हजार होते. ती वाचणं हीच अशा वेळी मोठी कमाई.

करार होऊन दहा दिवसही झाले नसतील तर

मॉलमध्ये कूपन भरलं, फोन आला, दोघांनी मिळून यायलाच हवं म्हणाले, दीड तासाच्या बोलण्यानंतर सही झाली आणि आठवड्याभरात घरची परिस्थिती पालटली. गोव्यात कळंगुट-बागा भागात रस्त्यावर स्क्रॅच कार्ड हातात देऊनही हेच होतं. अशा वेळी विकण्याच्या भानगडीत पडूच नका, थेट रद्द करा. नामांकित कंपन्यांच्या करारात ‘फ्री लूक’ची मुदत असते, बहुधा दहा दिवसांची. ती सहीच्या दिवसापासून मोजायची की पैसे भरल्यापासून, हे तुमच्या प्रतीत वाचा.

फोनवर सांगणं म्हणजे सांगितलंच नाही असं धरून चाला. करारावर दिलेल्या पत्त्यावर ईमेल करा, त्याच दिवशी त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मजकूर चार ओळींचा पुरतो: करार क्रमांक, तारीख, ‘फ्री लूक मुदतीत मी करार रद्द करत आहे’, भरलेली रक्कम आणि परताव्यासाठी बँक खातं. यानंतर एक गोड आवाजाचा फोन येतो. मॅनेजरसाहेब स्वतः बोलणार असतात, जादा व्हाउचर मिळणार असतं, सोमवारी भेटू म्हणतात. हा सोमवार बरोब्बर अकराव्या दिवशी उजाडतो.

जाहिरातीआधी कंपनीशी पत्रव्यवहार

मुदत उलटली असेल तर फाइल उघडून तीन कलमं शोधा: ट्रान्सफर, रद्द करणं आणि थकबाकी. ट्रान्सफरच्या कलमात फी किती, घरच्यांच्या नावावर करायची असेल तर ती कमी आहे का, करारानंतर काही वर्षं विक्रीला मनाई आहे का, आणि नव्या माणसाला कोणत्या सवलती मिळणार नाहीत हे लिहिलेलं असतं. शेवटचा मुद्दा हमखास नजरेतून सुटतो. पहिल्या मेंबरला मिळालेली मोफत विमान तिकिटं, एक्स्चेंज कंपनीची (आपल्या रात्रींच्या बदल्यात दुसऱ्या रिसॉर्टमध्ये राहू देणाऱ्या कंपनीची) जोडणी किंवा साठवलेल्या रात्री दुसऱ्याकडे जातीलच असं नाही. आणि हे घेणाऱ्याला ऐनवेळी कळलं की सौदा मोडतो.

रद्द करण्याच्या कलमात पैशांचे दोन भाग दिसतात, प्रवेश शुल्क आणि हक्क शुल्क किंवा तशाच अर्थाची नावं. मोठा भाग बऱ्याचदा ‘परत न मिळणारा’ असतो आणि उरलेल्या छोट्या भागातून गेलेल्या वर्षांचं वजा करून परतावा मिळतो. चार लाखांचे दोन-अडीच लाख परत येतील या आशेने गेलेला माणूस हिशोबपत्रक पाहून चक्रावतो ते यामुळे. पण ते पत्रक मागवाच. कंपनी जे द्यायला तयार आहे तो तुमचा तळभाव. बाहेरचा ग्राहक त्याहून कमी देत असेल तर विकायचं कशाला?

कंपनीला एकाच ईमेलमध्ये चार गोष्टी मागा: आजची थकबाकी व्याजासह, शिल्लक वर्षं आणि साठलेल्या रात्रींचा तपशील, ट्रान्सफरचा अर्ज व फी, आणि आज रद्द केल्यास मिळणारी रक्कम. परिस्थिती बदलल्याचा पुरावा सोबत जोडा: नोकरी गेल्याचं पत्र, डॉक्टरांचा दाखला, जे असेल ते. करारात सोय नसतानाही काही वेळा एखाद्या वर्षाची सूट, खालच्या सीझनमध्ये उतरणं किंवा दंडमाफी पदरात पडते. मागितल्याशिवाय यातलं काहीच मिळत नाही, हेही खरं.

नुसती पैशांची तंगी तात्पुरती असेल तर यंदाच्या रात्री भावाला किंवा मैत्रिणीला देऊन त्यांच्याकडून फीपुरते पैसे घेणं हा सोपा मार्ग. पाहुणा पाठवायला बहुतेक करारांत परवानगी असते. जाहिरात करून भाड्याने देणं मात्र बऱ्याच ठिकाणी मना असतं आणि पकडलं गेलं तर बुकिंग रद्द होतं. भाड्याने घेतलेल्या माणसाचं कुटुंब रिसेप्शनवर उभं असताना हे कळणं फार वाईट.

हप्ते चालू असतील तर

हप्ता कोणाला जातो ते बँकेच्या स्टेटमेंटवर पाहा. कंपनीचाच हप्ता असेल तर प्रश्न तुमच्या आणि तिच्यात. पण अनेकदा सहीच्या गडबडीत बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज केलेलं असतं, नाहीतर क्रेडिट कार्डावर ईएमआय पडलेला असतो. कंपनीला तिचे पैसे केव्हाच मिळालेले असतात. मेंबरशिप रद्द झाली तरी हे कर्ज आपोआप मिटत नाही. हप्ता थांबवला तर सिबिल स्कोअर घसरतो, आणि खात्यात शिल्लक नसल्यामुळे एनएसीएच (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तो चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. म्हणून रागाच्या भरात खातं रिकामं करू नका. आधी फोरक्लोजर लेटर मागवा, किती भरलं की कर्ज बंद होईल ते पाहा आणि मगच विक्रीची किंमत ठरवा. हप्ते अर्धवट असलेली मेंबरशिप सहसा ट्रान्सफर होत नाही.

ग्राहक कुठे, जाहिरात कशी

दुसऱ्या हातची मेंबरशिप घेणारा माणूस ठरावीक आहे: शाळेत जाणारी मुलं, स्वतःची गाडी, आणि हा धंदा आधीच माहीत असलेला. बऱ्याचदा तो त्याच कंपनीचा जुना मेंबर असतो आणि त्याला जादा रात्री हव्या असतात. म्हणून मेंबरांचे फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुप, ऑफिसचा नोटिस बोर्ड, सोसायटीचा ग्रुप या जागा ओएलएक्सपेक्षा जास्त कामाच्या. मे महिन्याचे बेत ठरतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत आणि दिवाळीआधी ऑगस्टमध्ये विचारणा वाढते.

‘अर्जंट सेल, बेस्ट ऑफर’ असं लिहिलं की लोक भाव पाडायलाच येतात. त्यापेक्षा कोरडी माहिती द्या. ‘लाल सीझन, वन बेडरूम, २०४१ पर्यंत, साठलेल्या रात्री ९, यंदाची फी भरलेली (२२,४२०), कर्ज नाही, ट्रान्सफर फी घेणाऱ्याकडे, अपेक्षा ७५,०००.’ एवढ्यात त्याच्या दहा प्रश्नांची उत्तरं येतात. मेंबरशिप क्रमांक आणि आधार मात्र जाहिरातीत किंवा पहिल्या गप्पांत देऊ नका.

जाहिरात टाकल्यावर दोन-तीन दिवसांत काही फोन असेही येतील ज्यांना तुमची मेंबरशिप नकोच आहे. पहिला प्रकार: ‘आमच्याकडे कॉर्पोरेट ग्राहक आहे, साडेपाच लाख देतोय, फक्त एनओसीचे १८,५०० आधी भरा.’ ते भरले की जीएसटी, मग स्टॅम्प ड्युटी, मग आरबीआयचं क्लिअरन्स. विकून देणाऱ्याने आधी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवावा. दलाली ही मिळालेल्या पैशांतून द्यायची असते. बाजारभावाच्या पाचपट देणारा कॉर्पोरेट ग्राहक अस्तित्वात नसतो. दुसरा प्रकार क्यूआर कोडवाला: ‘टोकन पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तिसरा जास्त बेरकी आहे. ‘जुनी मेंबरशिप एक्स्चेंजमध्ये घेतो’ म्हणत तो तुम्हाला नव्या, आणखी महागड्या मेंबरशिपच्या सहीला बसवतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढे निघून जाते.

सौदा पुरा करताना

दोन्ही बाजूंना एकच भीती असते: मी आधी दिलं आणि त्याने नाही दिलं तर? यावर जुना डिमांड ड्राफ्टच बरा. ग्राहक दहा टक्के टोकन खात्यावर पाठवतो आणि उरलेल्या रकमेचा डीडी काढून त्याचा फोटो दाखवतो. दोघं कंपनीच्या शाखेत भेटतात, ट्रान्सफरच्या अर्जावर समोरासमोर सह्या होतात, अर्जाची पोच मिळाली की डीडी हातात येतो. शाखा जवळ नसेल तर दोन पानांचा करारनामा करा. महाराष्ट्रात अशा कागदांना आता १०० चा स्टॅम्प पेपर पुरत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. त्यात फीचं बिल कोणत्या तारखेपासून कोणाचं हे आवर्जून लिहा. एप्रिलचं बिल निघाल्यावर मेमध्ये ट्रान्सफर झालं तर ते बिल विकणाऱ्याच्या माथी बसतं, आणि ऐन शेवटच्या टप्प्यावर भांडण बहुधा याच वीस-बावीस हजारांवरून होतं.

मेंबरशिप दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. घटस्फोट चालू असताना ही बाब परस्पर संमतीच्या अटींमध्येच लिहून घ्यावी. नंतर सहीसाठी निरोप धाडत बसण्यात वर्षं जातात. मेंबरचं निधन झालं असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते: मृत्यूचा दाखला, नॉमिनेशन, नसेल तर इतर वारसांची ना हरकत. थेट तिऱ्हाइताला विकण्याचा प्रयत्न इथेच अडकतो. तुम्ही परदेशात असाल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र घरच्या माणसाला पाठवा. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी ऑर्लँडोला वगैरे घेतलेला टाइमशेअर हे निराळं प्रकरण. तिथे बऱ्याचदा खरोखरीचं खरेदीखत असतं. फ्लोरिडात रद्द करायला दहा दिवस मिळतात. विकून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांबद्दल तिथलं फेडरल ट्रेड कमिशनही सावध करतं. युरोपीय संघात रद्द करण्याची मुदत चौदा दिवसांची आहे.

फसवून विकलं असेल तर

‘कधीही कुठेही बुकिंग मिळेल’, ‘पाच वर्षांनी आम्हीच दुप्पट भावाने परत घेऊ’ असं सांगून सही घेतली असेल तर विकण्यापेक्षा तक्रारीचा रस्ता जवळचा पडू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो की हैदराबादेत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. करारात लवादाचं कलम आहे म्हणून घाबरू नका. त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. अडचण पुराव्याची असते. करारात ‘तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत’ असं वाक्य जवळजवळ नेहमी असतं. म्हणून सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज, त्याने कागदावर हाताने लिहून दिलेले आकडे, आणि बुकिंग नाकारल्याचे तारखेसह स्क्रीनशॉट गोळा करा. ‘मिळत नाही’ असं म्हणून भागत नाही. कोणती तारीख मागितली आणि काय उत्तर आलं, असे सात-आठ प्रसंग दाखवावे लागतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. निकाल लागेलच असं नाही, पण कंपनीचं लेखी उत्तर हाती येतं आणि पुढे तेच कामाला येतं.

एक गल्लत टाळा. शेवटी पैसे वाढवून परत देण्याचा वायदा करणाऱ्या ‘रूम नाइट’ योजना म्हणजे टाइमशेअर नव्हे. पॅनकार्ड क्लब्जच्या अशाच योजनांना सेबीने सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि २०१६ मध्ये सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितलं. तुमच्या कागदावर ‘सरेंडर व्हॅल्यू’ असा शब्द असेल तर ग्राहक शोधत बसू नका, आधी वकिलाला दाखवा.

ट्रान्सफर झाल्यावर कंपनीकडून ‘या तारखेपासून आपल्याकडे कोणतंही देणं नाही’ असं पत्र नावानिशी घ्या. नुसता ‘रिक्वेस्ट क्लोज्ड’ असा एसएमएस पुरेसा नाही. मग बँकेत जाऊन वार्षिक फीचा ऑटो-डेबिट रद्द करा. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर आणि फी मात्र तुमच्या खात्यातून, हे पुढच्या एप्रिलमध्ये अनेकांना पासबुक भरून घेतल्यावरच कळतं.